चौघांच्या साक्षी

हेल्पर रामेश्वरच्या जबानीतलं शेवटून दुसरं वाक्य सुजीतने तिसऱ्यांदा वाचलं आणि उचललेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. 'सेफ्टी साहब बुध को उधर से गए थे, जाली नीचे पड़ी थी, साहब रुके भी थे.' क्लार्कने बोललं तसं उतरवून घेतलं होतं. खाली रामेश्वरची सही, सहीखाली तारीख. बाहेर क्रशर चालू होता आणि त्याच्या घरघरीने टेबलावरची काच बारीक थरथरत होती. अकरा वर्षांत सुजीतला ती थरथर कधी जाणवली नव्हती. आज ती बोटांतून कोपरापर्यंत चढत होती. बाकीच्या तीन जबान्यांत हे वाक्य नव्हतं. त्याने पुन्हा तपासलं. फोरमन मोईनच्या दोन पानांत नव्हतं, कंट्रोल रूममधल्या नीरवच्या पानात नव्हतं, नेपाळी वेल्डरच्या अर्ध्या पानात तर नव्हतंच. चौघांतल्या एकानेच सांगितलं होतं. एकट्याने सांगितलेलं किती धरायचं, असा प्रश्न त्याच्या मनात आला, आणि हा प्रश्न आपल्या घरात फार जुना आहे हे आठवून त्याने फाइल मिटली.

सुजीत भिंगारदिवे अमिरातीतल्या रास अल खैमाच्या डोंगरपायथ्याशी असलेल्या या सिमेंट कारखान्यात सेफ्टीचा प्रमुख होता. शनिवारी सकाळी चुनखडी वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला, जिथे पट्टा मोठ्या रोलरवरून वळतो, तिथे रफिक नावाच्या फिटरचा उजवा हात कोपरापर्यंत आत गेला. रफिक वाचला, हात राहिला नाही. त्या रोलरवर लोखंडी जाळी असायला हवी होती. रविवारी सुजीतने चौघांना एकेकटं बोलावून विचारलं, आणि चौघांनी चार गोष्टी सांगितल्या. मोईन म्हणाला सव्वादहा वाजले होते, दोरी ओढून पट्टा मीच थांबवला. नीरव म्हणाला दहाला पाच कमी होते, पट्टा मी वरून बंद केला. रामेश्वर म्हणाला वेळ ठाऊक नाही, चहा यायचा होता, पट्टा कोणीच थांबवला नाही, मोटर आपोआप ट्रिप झाली. वेल्डरला फक्त एक पिवळं हेल्मेट धावताना दिसलं होतं. एकच गोष्ट चौघांनी सारखी सांगितली, न विचारता सांगितली: जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती, आणि ती त्या दिवशीची नव्हे, आठवडाभरापासूनची.

"यल्ला, चल, सुजीत, रिपोर्ट कुठेय?" गुणवंतसर दार ढकलून आत आले. प्लांटचे प्रमुख, मूळचे पुण्याचे. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचा डबा यायचा आणि नाताळात सुजीतकडून केकचा जायचा. सुजीतच्या लेकीच्या, इशानीच्या, शाळेच्या ॲडमिशनला त्यांनीच शब्द टाकला होता. ते उभ्या उभ्या जबान्या चाळू लागले. चाळता चाळता कपाळावर आठी आली. "हे काय रे? चौघांचं कशाशी काही जुळत नाही. इन्स्पेक्टर म्हणेल, हे लोक तिथे होते तरी का? सगळ्यांना एकत्र बसव. एक व्हर्जन ठरवून घे. थोडं अलाइन कर, बस."

"आणि जाळीचं काय लिहू, सर?"

"जाळी होती की. ग्रीस मारायला रफिकनेच काढली असणार." त्यांनी आवाज खाली आणला, आणि तो खाली आल्यावर जास्त मायाळू झाला. "हे बघ, रामेश्वरने तुझंही नाव घातलंय. तेही जाईल ना आपोआप. मी तुझ्यासाठीच सांगतोय. गुरुवारपर्यंत खलास कर."

ते गेले. सुजीतला एसीचा वारा मानेवर नको झाला, त्याने खुर्ची सरकवली, मग काचेवरचं ऊन नको झालं, पुन्हा सरकवली. सेफ्टीच्या कोर्सला शिकवलेली पहिली गोष्ट: साक्षीदारांना एकत्र बसू देऊ नये. चार माणसं वेगवेगळं सांगतात तेव्हा ती तिथे असतात. चार माणसं अक्षर न् अक्षर सारखं सांगतात तेव्हा ती कोणाच्या तरी केबिनमध्ये असतात. हे तो दर वर्षी नव्या सुपरवायझरना हसत हसत सांगायचा. आणि ही गोष्ट त्याला कोर्सच्या कितीतरी आधी ठाऊक होती, नगर जिल्ह्यातल्या त्या मंडळीच्या चर्चच्या आवारातल्या पाळकांच्या घरात, जिथे बाबा रोज दुपारी जेवण झाल्यावर लाकडी पेटीवर एक जाड वही घेऊन बसत. चार शाया. मत्तय निळा, मार्क काळा, लूक हिरवा, योहान लाल. चौघांनी लिहिलेली प्रभू येशूची गोष्ट एका धाग्यात ओवायची, एकही शब्द न गाळता, एकही शब्द दुसऱ्याशी न भांडता, हे बाबांचं बावीस वर्षांचं काम. गावातल्या एका वकिलाने भर चौकात त्यांना विचारलं होतं, पाळकसाहेब, तुमच्या चार साक्षीदारांना येशूच्या कबरीपाशी देवदूत दिसला, पण तो एक होता की दोन? बसलेला की उभा? आत की बाहेर धोंड्यावर? कोर्टात हे चाललं नसतं. लोक हसले होते. बाबा घरी आले आणि त्यांनी शाया आणायला सुजीतला दुकानात पाठवलं.

चौदा वर्षांच्या सुजीतने एकदा ती वही चोरून वाचली. प्रभूला पकडल्यावर त्याचा पट्टशिष्य पेत्राने 'मी याला ओळखत नाही' म्हणून त्याला नाकारल्याची गोष्ट. ही दासी, तो पहारेकरी, शेकोटीभोवतीचे ते लोक. कोंबडा एकदा आरवण्याआधी, कोंबडा दोनदा आरवण्याआधी. बाबांनी कोणालाच खोटं पाडलं नव्हतं, सगळे रंग एकाखाली एक बसवले होते. सुजीतने बोटांवर मोजलं. "बाबा, तुमच्या वहीत पेत्र सहा वेळा नाकारतो. चौघांतल्या प्रत्येकाकडे तर तीनच आहे." बाबांनी वही ओढून घेतली, मोजलं, पुन्हा मोजलं. मग शाईचं टोपण लावायला त्यांना जागा सापडेना, बोटं निळी झाली. चौघांना खरं ठेवण्यासाठी त्यांनी पाचवी गोष्ट केली होती, आणि ती चौघांपैकी कोणीच सांगितली नव्हती. त्या दुपारचं आठवलं की सुजीतला अजूनही अपराध्यासारखं व्हायचं, जणू त्याने बाबांचा हात कशात तरी ढकलला होता. हे असं मनात आलं आणि तो दचकला, कारण हात म्हटल्यावर त्याच्यासमोर दुसराच हात आला.

घरी गेला तर ऊन अजून भिंतींवर होतं. बायकोने, प्रमिलाने, विचारलं, "रफिकचं कसं आहे?" त्याने सांगितलं, ठीक आहे. ठीक म्हणजे काय हे तिनं विचारलं नाही, पण ताट वाढताना ती त्याच्याकडे बघत होती. इशानी सोळा वर्षांची, कानात काहीतरी घालून टेबलाशी बसलेली. आठवडाभर ती मोबाइलवर बायबलवरच्या कुठल्या तरी वादसभा ऐकत होती, आणि तिच्या आत्याने नगरहून आजोबांच्या त्या वहीचे फोटो पाठवल्यापासून तर तिला ऊतच आला होता. बाबांना जाऊन दहा वर्षं होत होती, सुजीतच्या बहिणीला वही छापायची होती आणि सुजीतने चार ओळी लिहून द्याव्यात अशी तिची इच्छा होती.

"पप्पा, तुम्ही म्हणता ना, डिफरन्सेस मीन दे आर ऑनेस्ट? बट दे कॉपीड. मत्तय आणि लूक, होल सेंटेन्सेस, फ्रॉम मार्क. अँड व्हेअर दे डिडन्ट कॉपी, दे डिफर. सो व्हिच इज इट?"

"जेवताना नको गं," प्रमिला म्हणाली.

"बोलू दे," सुजीत म्हणाला. पोरगी बरोबर बोलत होती. त्याचा तो सुपरवायझरना सांगायचा नियम इथे दोन्हीकडून कापत होता. तिघांची कित्येक वाक्यं शब्दाला शब्द मिळतात, म्हणजे एकाने दुसऱ्याचं समोर ठेवून लिहिलं. आणि काही ठिकाणी फरक असा की कितीही ओढा, जुळत नाही: वल्हांडण या यहुदी सणाचं जेवण आधी झालं आणि मग वधस्तंभ, की जेवणाच्या आधीच वधस्तंभ? तिघं एक सांगतात, योहान दुसरं. देवदूत एक की दोन हे निस्तरता येतं, घाबरलेला माणूस काय मोजणार, पण दिवस? सव्वादहा आणि दहाला पाच कमी हे एक. शनिवार आणि शुक्रवार हे वेगळं. "काही जुळत नाही, हे खरंय," तो म्हणाला. "दिवसाचं कोणाचं तरी चुकलंय."

"सो यू ॲडमिट."

"एकाचा दिवस चुकला म्हणून अपघात झाला नाही असं मी रिपोर्टात लिहीत नाही, बेटा. अपघात झाला असं चौघं म्हणतात, आणि दवाखान्यात एक माणूस पडलेला असतो."

"दॅट्स बिकॉज यू कॅन गो अँड सी द मॅन," इशानी म्हणाली, आणि यावर तो हसणार होता, पण हसू आलं नाही. बघायला जाता येतं. तीन दिवस झाले होते आणि तो गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या खोलीत मोईन, रामेश्वर, नीरव आणि वेल्डर एका रांगेत बसलेले त्याला काचेतून दिसले. त्याने बोलावले नव्हते. सरांनी बोलावले होते. आत कोणीतरी हळू आवाजात वाचून दाखवत होतं आणि चौघं माना हलवत होते. दुपारपर्यंत नव्या जबान्या त्याच्या टेबलावर आल्या. चारही एकेक पान. 'जाळी जागेवर होती, रफिकने ग्रीससाठी ती स्वतः काढली.' हे वाक्य चौघांत तेच, त्याच जागी, त्याच स्वल्पविरामासकट. रामेश्वरचं वाक्य गेलं होतं. सुजीतला आधी छातीत एकदम मोकळं वाटलं, खरंच वाटलं, ते त्याने स्वतःपासून लपवलं नाही. आणि मग त्या मोकळेपणाची त्याला किळस आली. येशूच्या त्या चारही गोष्टींत ठरवून सारखं बोललेली माणसं एकाच ठिकाणी आहेत, हे त्याला आठवलं. कबरीवरचे पहारेकरी. त्यांना हातात पैसे ठेवून सांगितलं होतं, म्हणा, आम्ही झोपलो असताना शिष्यांनी देह चोरून नेला. हे एकटा मत्तय सांगतो, बाकीचे तिघं गप्प आहेत. म्हणजे तेही एकट्याचंच. एकट्याचं खोटं असतं असं नाही, खरं असतं असंही नाही. त्याला वजन आहे की नाही हे त्या एकट्याला ते सांगून काय मिळणार होतं यावरून पाहावं लागतं. रामेश्वरला सेफ्टी साहेबाचं नाव घेऊन काय मिळणार होतं? दोन वर्षांनी व्हिसा संपताना साहेबाचीच सही लागते.

आणि तरी तो बुधवार सुजीतला आठवत नव्हता. म्हणजे आठवत होता, पण त्याला हवा तसा आठवत होता. पट्ट्याच्या बोगद्यातून बाहेर पडलो, पांढरी धूळ होती, चष्मा पुसला. फोन वाजला. इशानीच्या शाळेचा होता, फीचं नव्हे, कसल्या तरी सहलीचं. बोलायला थांबलो. रामेश्वर म्हणतो रुके भी थे, ते हेच. थांबलो होतो फोनसाठी. रविवारपासून तो स्वतःला हीच जबानी देत होता, आणि दर वेळी ती थोडी घट्ट होत चालली होती. काल तर फोन हातातून निसटता निसटता राहिल्याचंही आठवायला लागलं होतं. मग त्याने मोबाइल काढून पाहिलं. शाळेचा फोन मंगळवारचा होता. बुधवारी त्या वेळेला कोणाचाच फोन नव्हता.

तो खुर्चीत मागे टेकला. खिडकीबाहेर दुपारच्या सुट्टीत माणसं सावलीला आडवी झाली होती, तोंडावर गमछे टाकून. फोन नव्हता म्हटल्यावर बाकीचा बुधवार आपोआप वर आला, धुळीतून माणूस दिसत यावा तसा. जाळी भिंतीला टेकलेली, तिच्या एका कोपऱ्यावर कोणीतरी हातमोजे वाळत घातलेले. तो थांबला. रोलर उघडा फिरत होता. पट्टा बंद करायला सांगायला हवा होता. तसं सांगण्याचा अधिकार त्याला होता, त्याच एका गोष्टीसाठी त्याला पगार होता. पण तो महिनाअखेरचा आठवडा होता, सरांनी सकाळीच टार्गेट ऐकवलं होतं, मागच्या वेळी पट्टा बंद केला तेव्हा आठ दिवस ते त्याच्याशी बोलले नव्हते. सोमवारच्या मीटिंगमध्ये काढू, असं त्याने ठरवलं आणि पुढे गेला. शनिवार सोमवारच्या आधी येतो. मार्कची गोष्ट जुन्या प्रतींमध्ये जिथे थांबते ती जागा बाबांना कधीच सोसली नव्हती: बायका कबरीपासून पळाल्या, आणि भ्याल्या म्हणून कोणाला काही बोलल्या नाहीत. तिथे ते घाईघाईने मत्तयची निळी शाई घेत. शेवटच्या आजारात सुजीत सुट्टीवर गेला होता तेव्हा मात्र ते आपणहून म्हणाले होते, "सुज्या, ते सहा वेळाचं माझं चुकलं. जुळवायला गेलो. पण एक बघ, पेत्र त्यांचा पुढारी, आणि त्याने कच खाल्ली हे चौघंही सांगतात. झाकलं असतं तर कोणाला कळलं असतं? आपल्याच माणसाची लाज कोणी उगाच रचून सांगत नाही." एवढं बोलून त्यांना धाप लागली होती. आणि ते गेले तेव्हा सुजीत इथे होता. आई म्हणाली शेवटी गीत गुणगुणत होते, बहीण म्हणाली पाणी मागितलं, काका म्हणाले झोपेतच गेले. त्याने तिघांपैकी कोणालाच उलट विचारलं नव्हतं. बाबा गेले होते.

दवाखान्यात रफिक खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसला होता. कटिहारचा, तिशीतला, दाढी वाढलेली. उजव्या बाहीचं टोक पिन लावून दुमडलेलं. सुजीतला बघून तो सरळ व्हायला गेला आणि नसलेल्या हातावर जोर द्यायला जाऊन एका बाजूला कलला. सुजीतने त्याला खांद्याला धरून बसवलं. खांदा गरम होता.

"जबानी लेनी है," सुजीत म्हणाला. "जो याद है वही बोलना."

रफिकने सांगितलं. पट्टा सरकत होता, तो नीट करायला वाकलो, बाही अडकली. कोण ओरडलं माहीत नाही. डोकं कोणीतरी मांडीवर घेतलं होतं, मोईनभाई होते, पाणी पाजत होते. मोईन तर स्वतःच्याच जबानीप्रमाणे त्या वेळी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होता. सुजीतने दुरुस्त केलं नाही. लिहिलं. लिहून झाल्यावर पेन मिटलं, पुन्हा उघडलं.

"रफिक, बुधवार को मैं उधर आया था. जाली निकली हुई मैंने देखी थी. मैंने कुछ नहीं किया."

रफिकने डाव्या हाताने बाहीची पिन चाचपली. पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज येत होता.

"मालूम है, साहब. रामेश्वर बोला," तो म्हणाला. आणि मग, "देखा तो मैंने भी था. हफ्ता भर रोज़ देखता था. मैं भी कुछ नहीं बोला."

सुजीतचं पेन कागदावर टेकलं होतं तिथे निळा ठिपका मोठा होत गेला. हे लिहिलं तर कंपनी याच वाक्यावर बोट ठेवणार. "ये नहीं लिखता," तो म्हणाला.

"आप अपना लिख रहे हो?"

"हाँ."

"तो मेरा भी लिखो. आधा लिखोगे तो पूरा कोई नहीं मानेगा."

गुरुवारी रिपोर्ट गेला. पहिल्या चार जबान्या, नंतरच्या चार जबान्या, दोन्हींच्या तारखा आणि वेळा, दवाखान्यात डाव्या हाताने सही केलेली रफिकची, आणि शेवटी एक पान सुजीतचं स्वतःचं. प्रत गुणवंतसरांना आणि सरकारी इन्स्पेक्टरला एकाच वेळी. सरांनी त्याला बोलावून एवढंच विचारलं, "घरी विचारलंस का हे करण्याआधी?" प्रमिलाला त्याने खरंच विचारलं होतं. ती भांडी पुसत होती, म्हणाली, "तीन रात्री तू कूस बदलतोयस. पाठव एकदाचं." इशानीने त्याचं पान वाचून परत दिलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. बहिणीला त्याने कळवलं, वही छाप, पण सहा वेळाचं पान आहे तसंच छाप आणि खाली लिही की हे चुकलं असं बाबा स्वतः म्हणाले होते.

इन्स्पेक्टर दोन दिवस राहिला. चौघांना त्याने पुन्हा एकेकटं घेतलं, आणि चौघं पुन्हा वेगवेगळं बोलले. जाळी मात्र चौघांच्याही बोलण्यात पुन्हा भिंतीलाच टेकली. पट्टा अकरा दिवस बंद राहिला. रफिकचा दोष असं कुठे लिहिलं गेलं नाही. सुजीतला ताकीद मिळाली, ती त्याने वाचून सही करून घेतली, आणि महिन्याभराने बदलीचं पत्र: दुबईच्या रास अल खोरमधल्या कंपनीच्या गोदामावर, सेफ्टी नव्हे, स्टोअर. घरापासून रोज सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. गुणवंतसर होते तिथेच राहिले. नवी जाळी आता बोल्टने घट्ट केली होती.

बदलीच्या आदल्या दिवशी एचआरमधली शर्वाणी कागद घेऊन आली. नवीनच लागलेली, सावध मुलगी. "सर, रफिकची ही जबानी लेबर ऑफिसने परत पाठवलीय. सही फाइलमधल्या सहीशी जुळत नाही. त्याचा अंगठा घेऊन द्याल का? अंगठा घेतला की प्रश्न मिटेल."

रफिक खालीच होता, घरी जाण्याचे कागद पुरे करायला आलेला. सुजीत शाईचं पॅड घेऊन त्याच्याकडे गेला. रफिकने पॅडकडे पाहिलं आणि डावा हात मागे घेतला.

"अंगूठा नहीं दूँगा, साहब. मैं पढ़ा हुआ आदमी हूँ."

त्याने डाव्या हाताने पुन्हा सही केली. एकेक अक्षर, जीभ दातांत धरून, कागद सरकू नये म्हणून सुजीतने कोपरा दाबून धरलेला. अक्षरं मोठी आणि वाकडी आली, शेवटचं रेघेखाली उतरलं. फाइलमधली जुनी सही बारीक, तिरकी, एका झटक्यात केलेली होती. शर्वाणी दोन्ही शेजारी ठेवून बघत होती. "सर, ही तर आधीच्या डाव्या सहीशीपण जुळत नाही. तीन झाल्या."

सुजीतने कागद स्वतःकडे ओढला आणि सहीखाली लिहिलं: तिन्ही सह्या या एकाच माणसाच्या आहेत. शेवटच्या दोन माझ्यासमोर केल्या आहेत. मग स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली, आणि शर्वाणीला म्हणाला, "असाच पाठव."